ध्येयविषयक इंग्रजी शब्दांचे अध्यापन

उच्च प्राथमिक वर्गांत इंग्रजी निबंधांची यादी तयार होऊ लागली की ‘माय एम इन लाइफ’ हा विषय तीत बहुधा असतोच. वह्या तपासावयास घेतल्या म्हणजे असे दिसते की, वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांना डॉक्टर व्हावयाचे आहे, काहींना सैन्यात जावयाचे आहे आणि डॉक्टर होणारा प्रत्येक जण गोरगरिबांची सेवा करणार आहे. वाक्ये एकाच मार्गदर्शकातून उतरलेली असल्यामुळे चुकाही सर्वांच्या सारख्याच असतात. याच वर्गात एखाद्या मुलीला येत्या सुटीत सायकल शिकावयाची असते. एखाद्या मुलाने सतराचा पाढा पाठ करण्याचा मनाशी निश्चय केलेला असतो. या गोष्टी त्यांच्या मनात खऱ्या असतात. परंतु त्या सांगण्यास लागणारे चार इंग्रजी शब्द त्यांना कोणी दिलेले नसतात. वीस वर्षांनंतरच्या डॉक्टरकीसाठी शब्द आहेत, पण पुढच्या शनिवारसाठी नाहीत, अशी ही विचित्र स्थिती आहे.

महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजीचा आरंभ पाचव्या इयत्तेपासून होत असे. २००० सालापासून हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. म्हणजे सातवीत येईपर्यंत विद्यार्थ्याच्या कानांवरून पुष्कळ इंग्रजी गेलेले असते. स्वतःविषयी दोन खरी वाक्ये बोलता येण्यास तेवढी पूर्वतयारी पुरेशी आहे. अडचण शब्दसंख्येची नसून, शब्द कोणत्या शब्दाशी जोडावयाचा आणि तो केव्हा खरा ठरतो, याची आहे.

प्रथम नामांचा विचार करू. गोल, एम, टार्गेट, ऑब्जेक्टिव्ह या चारही शब्दांपुढे कोशात ‘ध्येय, उद्दिष्ट, लक्ष्य’ असे मराठी शब्द आलटून पालटून आढळतात आणि विद्यार्थी ते चारही एकच समजतो. प्रत्येक शब्दाच्या पोटी एक चित्र असते; ते दाखविले तर अर्थ लवकर ठसतो. शर्यतीत जेथे धाव संपते त्या खुणेला इंग्रजीत गोल म्हणत. फुटबॉलमधील गोल मुलांना ठाऊकच आहे. तेथे पोहोचावयाचे असते, म्हणून गोल हा गाठण्याचा शब्द. एम हा नेम धरण्याचा शब्द. ‘अंदाज करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि एस्टिमेट हा अंदाजपत्रकातला शब्द त्याच कुळातला आहे. एम धरला म्हणजे ते साधलेच असे नाही, एवढे त्या कुळावरूनच कळते. टार्गेट म्हणजे मुळात लहान ढाल. पुढे नेमबाजीचा सराव करण्यासाठी ठेवलेल्या खुणेला हे नाव पडले. आज कारखान्यात किंवा लसीकरणाच्या मोहिमेत आकड्यांत सांगितलेल्या लक्ष्याला टार्गेट म्हणतात, ते या बिनचूक खुणेमुळेच. ऑब्जेक्टिव्ह हा शब्द शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बेंजामिन ब्लूम यांनी संपादित केलेले शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून पाठटाचणात ध्येय वेगळे व उद्दिष्टे वेगळी लिहिण्याची रीत अध्यापक विद्यालयांत रुळली. विद्यार्थ्यांस मात्र हा शब्द प्राथमिक वर्गांत न दिला तरी चालेल.

येथे लिपीसंबंधी एक सावधगिरी सांगणे इष्ट होईल. देवनागरीत लिहिलेला ‘एम’ हा इंग्रजी वर्णमालेतील तेराव्या अक्षरासारखाच दिसतो आणि ‘गोल’ हा तर मराठीतला वाटोळा गोल होऊन बसतो. ए, आय, एम अशी अक्षरे फळ्यावर रोमन लिपीत लिहून, स्वर लांबवून उच्चार करून घ्यावा. गोल या शब्दातील मधली दोन अक्षरे उलटसुलट झाली, म्हणजे ओ व ए यांच्याऐवजी ए व ओ असे लिहिले, तर तुरुंग असा अर्थ होतो. जुन्या इंग्रजी सरकारी कागदपत्रांत जेलचे हेच स्पेलिंग आढळते. ही गंमत एकदा सांगितली की स्पेलिंगची चूक विद्यार्थी सहसा पुन्हा करीत नाही.

नामांपेक्षा अधिक वेळ क्रियापदांना द्यावा लागतो. मराठी विद्यार्थी प्रत्येक नामाला ‘डू’ किंवा ‘मेक’ जोडून मोकळा होतो, कारण ‘करणे’ हे क्रियापद त्याच्या हाताशी सदैव असते. परंतु मराठीतही प्रत्येक नाम आपले क्रियापद निवडून घेते, हे त्याला ठाऊक असते. ठाऊक आहे एवढेच त्याच्या ध्यानात आलेले नसते. व्रत घेतात, नवस बोलतात आणि फेडतात, शब्द पाळतात, विडा उचलतात, मनाशी खूणगाठ बांधतात. ‘आईने नवस पाळला’ किंवा ‘मामाने शब्द फेडला’ असे वाक्य फळ्यावर लिहिले तर वर्ग हसेल. ते हसू हाच या पाठाचा आरंभ समजावा. इंग्रजी माणसाच्या कानाला ‘डू अ गोल’ तसेच लागते, असे सांगून मग जोड्या द्याव्यात. गोल ‘सेट’ करतात आणि ‘रीच’ किंवा ‘अचीव्ह’ करतात. प्लॅन ‘मेक’ करतात. प्रॉमिस ‘मेक’ करतात आणि ‘कीप’ करतात. शब्द पाळणे व राखणे यांच्याशी त्याचे नाते उघड आहे. स्टेप ‘टेक’ करतात. चॅलेंज ‘टेक अप’ करतात आणि येथे विडा उचलण्याची आठवण अवश्य करून द्यावी, कारण दोन्हींत काही तरी हातात उचलून घेण्याचीच कल्पना आहे. अशा सहा-सात जोड्या एका आठवड्यात पुरेत. पंचवीस जोड्यांचा तक्ता भिंतीवर लावून काही साधत नाही. तो तपासणीच्या दिवशी शोभून दिसतो इतकेच.

मराठीतील ‘संकल्प सोडणे’ हा प्रयोग या संदर्भात मोठा बोधक आहे. पळीने हातावर पाणी सोडून कार्याचा निश्चय उच्चारावयाचा, म्हणून संकल्प सोडणे म्हणजे संकल्प करणे. परंतु आजच्या विद्यार्थ्यास विचारले तर संकल्प सोडला म्हणजे टाकून दिला, असाच अर्थ तो सांगेल. इंग्रजीतील ‘गिव्ह अप’, ‘टेक अप’, ‘कीप अप’, ‘पुट ऑफ’ हे जोडशब्द शिकताना मुले असाच घोटाळा करतात, कारण ती प्रत्येक शब्दाचा अर्थ सुटा लावू पाहतात. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे काय? संकल्प सोडण्याचे उदाहरण पुढे ठेवले की जोडशब्दाचा अर्थ सबंधच घ्यावयाचा असतो, हे त्यांना पटते. ‘पुट ऑफ’ यासाठी तर मराठीत ‘चालढकल’ हा नामी शब्द तयारच आहे.

इच्छेपासून निश्चयापर्यंत मनाच्या ज्या पायऱ्या आहेत, त्यांसाठीही इंग्रजीत निरनिराळे शब्द आहेत. ‘आय वॉन्ट टू लर्न स्विमिंग’ यात केवळ इच्छा आहे. ‘आय होप टू’ यात आशा आहे. ती पूर्ण होणे न होणे सर्वस्वी बोलणाऱ्याच्या हाती नाही. ‘आय प्लॅन टू’ म्हटले की काही आखणी झालेली असली पाहिजे. ‘आय अ‍ॅम गोइंग टू’ यात आधीच ठरलेली गोष्ट सांगितली जाते आणि ‘आय विल’ यात बोलण्याच्या क्षणी घेतलेला निर्णय किंवा दिलेले वचन असते. मराठीतील ‘मी शिकणार आहे’ आणि ‘मी शिकेन’ यांतील अंतर याच्याशी पुष्कळसे जुळते. पुष्कळसे म्हणण्याचे कारण असे की, मराठीतील ‘करीन’ हा शब्द वचनही देतो आणि वेळही मारून नेतो, ‘करीन की!’ असे उत्तर ज्या घरात नित्य ऐकू येते, तेथे ते काम कधी होते हे सर्वांना माहीत असते. या सर्व प्रयोगांत ‘टू’ नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, एवढा नियम घोटून घ्यावा. ‘आय वॉन्ट लर्न’ ही चूक सातवीतही सर्रास आढळते. यशाच्या वाक्यात मात्र वाट बदलते. ‘आय मॅनेज्ड टू लर्न’ हे बरोबर, पण सक्सीड या क्रियापदाला ‘आय सक्सीडेड इन लर्निंग’ असेच लागते.

मुदतीच्या शब्दांत एक खड्डा असा आहे की त्यात मराठी भाषक प्रौढही पडतात. ‘रविवारपर्यंत’ हा एकच मराठी शब्द दोन अर्थ वाहतो. ‘मी रविवारपर्यंत धडा संपवीन’ यात रविवार ही शेवटची मर्यादा आहे. त्याआधी केव्हाही काम होऊ शकते. ‘मी रविवारपर्यंत गावी राहीन’ यात क्रिया त्या दिवसापर्यंत अखंड चालू आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय संडे’ आणि दुसऱ्यासाठी ‘टिल संडे’ लागते. ‘आय विल फिनिश द लेसन टिल संडे’ हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडावयाचेच. फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तिच्या टोकाशी रविवार लिहावा. ‘टिल’साठी सबंध रेघेवरून खडू फिरवावा आणि ‘बाय’साठी रेघेवर कोठेही एक ठिपका द्यावा. व्याकरणाच्या परिभाषेशिवाय हा भेद चौथीतील मुलासही समजतो. ध्येयाच्या वाक्यात मुदत नसेल तर ते वाक्य इच्छेच्या पायरीवरच राहते. म्हणून हे लहानसे ‘बाय’ या सबंध शब्दसमूहातील अत्यंत उपयुक्त शब्द होय.

मुदतीलाच आता सर्वत्र डेडलाइन म्हणण्याचा प्रघात पडला आहे. या शब्दाचा जन्म मोठा भीषण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ साली, दक्षिणेकडील राज्यांनी जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी उघडली. उंच तटबंदीच्या आत काही फुटांवर एक ठेंगणा लाकडी कठडा घातलेला असे. तो ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडीत; म्हणून त्या मर्यादेला डेडलाइन हे नाव होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या धंद्यात, मजकूर देण्याची अखेरची वेळ, अशा अर्थाने तो रूढ झाला. दहा वर्षांच्या मुलांस हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन नाही. तथापि शिक्षकाने तो जाणावा आणि गृहपाठाच्या मुदतीला ‘लास्ट डेट’ म्हणावे. माइलस्टोन हा शब्द मात्र निर्धास्तपणे द्यावा. रोमन लोक हजार पावलांच्या अंतराला मैल म्हणत व रस्त्यांवर दगड रोवीत. आपल्याकडील रस्त्यांवर आता किलोमीटरचे दगड असले तरी ‘मैलाचा दगड’ हा शब्दप्रयोग मराठीत टिकून आहे.

ध्येय कसे मांडावे याविषयी इंग्रजीत एक सूत्र फार प्रसिद्ध पावले आहे. जॉर्ज डोरान यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘मॅनेजमेंट रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकात ते मांडले. नेमके, मोजता येण्यासारखे, कोणाकडे सोपविले ते स्पष्ट असलेले, वास्तव आणि मुदतबद्ध, या पाच गुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ‘स्मार्ट’ हा शब्द त्यांनी जुळविला. पुढे तिसऱ्या अक्षराचा अर्थ ‘साध्य होण्याजोगे’ असा करण्याची प्रथा पडली. हे सूत्र कारखानदारीतील व्यवस्थापकांसाठी होते, मुलांसाठी नव्हे, हे विसरू नये. परंतु त्यापूर्वीच, १९६८ साली, एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले होते की, ‘होईल तितके उत्तम करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे कठीण ध्येय पुढे ठेवल्यास माणसाच्या हातून काम अधिक होते. वर्गात ‘डू युअर बेस्ट’ हे वाक्य वारंवार उच्चारले जाते. त्याच्या जोडीला ‘रीड टू पेजेस बाय फ्रायडे’ असे एक वाक्य असावे. आपल्या पूजेतील संकल्पातही स्थळ, काळ, करणाऱ्याचे नाव आणि कार्य यांचा उच्चार होतोच. ही जुळणी दाखविल्याने सूत्र परके वाटत नाही.

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे वळावे लागेल. मराठीत हवे-नको, यश-अपयश सांगताना माणूस पुष्कळदा वाक्याचा कर्ता नसतो. ‘मला हवे आहे’, ‘मला जमले’, ‘मला यश आले’, ‘अभ्यास राहून गेला’ असे आपण बोलतो. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी ‘आय’ पुढे येतो: आय वॉन्ट, आय मॅनेज्ड, आय सक्सीडेड, आय डिडन्ट स्टडी. ‘राहून गेला’ या शब्दांत जो आडोसा मिळतो, तो इंग्रजी वाक्यात मिळत नाही. यावरून मराठी भाषा जबाबदारी टाळते असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तो अर्थातच खरा नव्हे. कित्येक गोष्टी माणसाच्या आयुष्यात खरोखरच राहून जातात आणि मराठीला ते ठाऊक आहे.

उदाहरण दूरचे नाही. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलुखात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडावयाची असते. ज्या मुलांना गावी सांभाळणारे कोणी आहे किंवा ज्यांना हंगामी वसतिगृहात जागा मिळते, ती मागे राहतात. बाकीची आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा मुलीने परत आल्यावर ‘माझी शाळा राहिली’ या वाक्याचे इंग्रजी ‘आय लेफ्ट स्कूल’ असे केले आणि शिक्षकाने त्यावर बरोबरची खूण केली, तर व्याकरण शुद्ध ठरेल, पण वाक्य खोटे असेल. शाळा तिने सोडली नाही, तिला सोडावी लागली. त्यासाठी इंग्रजीत ‘हॅड टू’ आहे: ‘आय हॅड टू लीव्ह स्कूल इन नोव्हेंबर.’ ‘लागणे’ या मराठी क्रियापदाचे सगळे ओझे हे दोन छोटे शब्द उचलतात. ते जितक्या लवकर शिकविता येतील तितके बरे. उलट, सबंध दुपार खेळण्यात घालविलेल्या मुलाने ‘आय हॅड टू प्ले’ असे लिहिल्यास तेथे शिक्षकाने लाल रेघ अवश्य मारावी.

‘फेल’ या शब्दाबाबतही हीच काळजी घ्यावयास हवी. ‘ही इज फेल’ हे आपल्याकडचे इंग्रजी मुलाच्या कपाळी एक शिक्का मारते. भाषेच्या दृष्टीनेही ते अशुद्धच आहे, कारण फेल हे तेथे क्रियापद आहे, माणसाचे विशेषण नव्हे. ‘ही फेल्ड इन मॅथ्स’ असे म्हटले म्हणजे एक घडलेली घटना सांगितली जाते. त्याहून चांगला शब्द ‘येट’. ‘आय कान्ट राइड अ बायसिकल’ आणि ‘आय कान्ट राइड अ बायसिकल येट’ ही दोन वाक्ये शेजारी लिहून मुलांना मराठीत सांगावयास लावावे. पहिल्याचे मराठी ‘मला सायकल येत नाही’. दुसऱ्यात ‘अजून’ हा शब्द कोठून तरी वर्गातूनच येतो. तो शिक्षकाला सांगावा लागत नाही.

या शब्दांसाठी स्वतंत्र तासिका काढण्याचे कारण नाही. सोमवारी परिपाठानंतर प्रत्येकाने वहीत आठवड्याचे एकच वाक्य लिहावे: ‘आय अ‍ॅम गोइंग टू’ येथून आरंभ आणि ‘बाय सॅटर्डे’ येथे शेवट. गोष्ट लहान असावी आणि ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मनातील असावी; शिक्षकाने सुचवू नये, मार्गदर्शकातून घेतलेली असल्यास परत करावी. ‘आय अ‍ॅम गोइंग टू लर्न द टेबल ऑफ सेव्हन्टीन बाय सॅटर्डे’ हे वाक्य कोणत्याही निबंधाच्या तोडीचे आहे. शनिवारी त्याच वाक्याखाली दुसरे लिहावे. ‘आय डिड इट’, ‘आय डिडन्ट डू इट’, ‘आय हॅवन्ट डन इट येट’ आणि ‘आय हॅड टू’ने सुरू होणारे एखादे, अशी चार रूपे फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावीत. कोणते रूप आपल्याला लागू पडते हे ठरविण्याचे काम विद्यार्थ्याचे. शिक्षकाने केवळ इंग्रजी तपासावे. या वाक्यांना गुण देऊ नयेत. गुण दिले की तिसऱ्या आठवड्यापासून सर्वांच्या वह्यांत ‘आय डिड इट’ येऊ लागेल.